त्याची आणि तिची परिस्थिती : एका फसलेल्या मालिकेचा परामर्श

एखादी कलाकृती चांगली का आहे, हे सांगणारे लेख आपल्या वार्षिकांकात दरवर्षी येतात. कादंबरीचे रसग्रहण येते, एखाद्या कवीचा परिचय येतो, गाजलेल्या नाटकावर कोणीतरी लिहिते. परंतु जी कलाकृती आरंभी मन जिंकून घेते आणि पुढे आपल्याच हाताने सारे घालवून बसते, तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. वाईट गोष्ट सोडून देता येते. अर्धी चांगली गोष्ट मात्र डोक्यात घर करून बसते. अशाच एका मालिकेविषयी चार शब्द लिहिण्याचा मानस आहे. मालिका जपानी आहे, चित्रांची आहे आणि शाळकरी मुलामुलीच्या प्रेमाची आहे. एवढे वाचून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. मराठी विभागातील आमच्या सरांना विषय सांगितला तेव्हा तेही क्षणभर थांबले. मग म्हणाले, “कार्टूनवर लिही, हरकत नाही, पण कार्टूनसारखं लिहू नकोस.”

जपानी चित्रमालिका आपणांस अगदीच अपरिचित आहेत असे नाही. डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदी बोलत आपल्या घरी येऊन कित्येक वर्षे झाली. तिकडे या प्रकाराला ॲनिमे म्हणतात आणि तो केवळ लहान मुलांसाठी असतो असे नाही. ज्या मालिकेविषयी मी लिहितो आहे तिचे नाव ‘कारेशि कानोजो नो जिजो’. मासामी त्सुदा या लेखिकेची याच नावाची चित्रकथा १९९६ पासून ‘ला-ला’ या मासिकात क्रमशः येत होती. तिच्यावरून गायनॅक्स आणि जे. सी. स्टाफ या दोन संस्थांनी २६ भागांची मालिका केली. ती ऑक्टोबर १९९८ ते मार्च १९९९ या काळात टीव्ही टोकियो वाहिनीवर दाखवली गेली. दिग्दर्शक होते हिदेआकी अन्नो. ‘इव्हँजेलियन’ या १९९५-९६ सालच्या मालिकेमुळे त्यांचे नाव जपानमध्ये सर्वतोमुखी झालेले होते. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मी ती गेल्या वर्षी, रात्री पांघरुणात मोबाईल धरून, खालची इंग्रजी वाक्ये वाचत पाहिली.

आधी नावाकडे पाहू. ‘जिजो’ म्हणजे परिस्थिती. एखाद्या गोष्टीमागे असणारी, बाहेरच्याला सहसा न सांगितली जाणारी कारणे. त्याची आणि तिची परिस्थिती, असा सरळ अर्थ. आपल्याकडे मात्र हा शब्द उच्चारला की एकच अर्थ निघतो. ‘त्याच्या घरची परिस्थिती नाही’ असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत हा शब्द माझ्याबरोबर चालत आला आहे. या मालिकेतील मुलांना पैशाची ददात नाही. तरीही त्यांची म्हणून एक परिस्थिती आहे, आणि ती काय आहे ते सांगण्यातच या कथेचे खरे सामर्थ्य होते.

कथानक थोडक्यात असे. युकिनो मियाझावा ही उच्च माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात आलेली मुलगी. हुशार, नम्र, सुंदर, शिक्षकांची लाडकी. हे सारे सोंग आहे. घरी आली की ती जुनापुराणा ट्रॅकसूट चढवते, जाड भिंगांचा चश्मा लावते, केस वर बांधते आणि पाठांतराला बसते. तिला अभ्यासाची आवड नाही. तिला स्तुतीची चटक लागली आहे. तिच्या घरच्यांना, विशेषतः दोघी धाकट्या बहिणींना, हे पक्के ठाऊक असते आणि त्या तिची यथेच्छ टिंगल करतात. या नव्या शाळेत तिला प्रतिस्पर्धी भेटतो, सोइचिरो आरिमा. प्रवेश परीक्षेत तो पहिला येतो आणि नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याचा मान त्याला मिळतो. युकिनोचा जळफळाट होतो. ती जिद्दीने अभ्यास करून पुढच्या परीक्षेत त्याला मागे टाकते. पण तो निर्मळपणे तिचे अभिनंदन करतो आणि जिंकण्यातली सारी हवाच निघून जाते. पुढे तो प्रेमाचा शब्द टाकतो आणि ही नकार देते. एके दिवशी तो एक सीडी द्यायला म्हणून तिच्या घरी येतो. घरचेच कोणी आहे असे समजून ही बाई ट्रॅकसूटमध्ये उडी मारून त्याला लाथ घालते. सोंग उघडे पडते.

येथपर्यंत कोणीही लिहिले असते. त्सुदाबाईंची करामत पुढे आहे. आरिमा हे गुपित कोणाला सांगत नाही. उलट त्याच्या जोरावर तिच्याकडून आपली शाळेची कागदपत्रांची कामे करून घेऊ लागतो. म्हणजे तोही दिसतो तेवढा भला नाही! आणि मग त्याची परिस्थिती उलगडते. त्याचे जन्मदाते आईबाप नीतीने चांगले नव्हते. त्यांनी त्याला लहानपणी मारझोड केली आणि एके दिवशी टाकून दिले. वडिलांच्या थोरल्या भावाने, म्हणजे काकाने, आणि काकूने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. हे काका डॉक्टर, घराणे मोठे. नातेवाईक मात्र म्हणणार की बापाचे रक्त आहे, कधीतरी वर येणारच. म्हणून हा मुलगा पहिला येतो. म्हणून तो कधी आवाज चढवीत नाही. युकिनोचा चांगुलपणा हौसेचा आहे. आरिमाचा चांगुलपणा म्हणजे तो रोज फेडत असलेले कर्ज आहे.

वाचकहो, हे मी पाहिले त्या रात्री मालिका बंद करून बराच वेळ तसाच पडून होतो. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून मी तालुक्याच्या गावी मामांकडे आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. मामा-मामींनी मला कधी वेगळे मानले नाही. ताट वाढताना मामींचा हात माझ्या ताटाकडे आधी वळतो. आणि नेमके म्हणूनच मी या घरात सहा वर्षे ‘नको’ हा शब्द फारसा उच्चारलेला नाही. दूध मला आवडत नाही, तरी मी पितो. अकरावीला मामांच्या इच्छेखातर विज्ञान शाखा घेतली. ती मला झेपत नाही, हे सांगायला मला बारावी संपावी लागली. माझा धाकटा मामेभाऊ अभ्यासात बेताचा आहे. त्याला उठता-बसता “दादाकडे बघ जरा” हे ऐकावे लागते. माझ्या गुणीपणाची किंमत तो देतो, हे मला त्या रात्रीपर्यंत सुचलेही नव्हते. असो. माझे पुराण येथे सांगण्याचे कारण एवढेच की मी ही मालिका निव्वळ करमणुकीसाठी पाहत नव्हतो. आरिमाचे पुढे काय होते, हे मला जाणून घ्यायचे होते.

पहिले सात-आठ भाग या अपेक्षेला पुरेपूर उतरतात. दोघे ठरवतात की आता खरे वागायचे. पण खरे वागणे म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत नसते. युकिनोला आपले प्रेम शब्दांत सांगणे जमत नाही. ती पुन्हापुन्हा प्रयत्न करते आणि हसे होते. शेवटी एका बैठकीत ती शेजारी बसलेल्या त्याचा हात धरते, एवढेच. पुढे दोघांचे परीक्षेतील क्रमांक घसरतात आणि शाळा पालकांना बोलावून घेते. हा प्रसंग माझ्या मते साऱ्या मालिकेचा कळस आहे. आपण धास्तावून पाहत असतो की आता मुलांची कानउघाडणी होणार. पण पालक मुलांच्या बाजूने उभे राहतात. आमची मुले आयुष्यात प्रथमच स्वतःच्या मनाने वागत आहेत, असे ते मानतात. आरिमाच्या काकांना तर त्याने शिस्तीच्या बाहेर पाऊल टाकले याचे समाधान वाटते. फेडायला निघालेल्या मुलाला सावकारच सांगतो की बाबा, मी कधी कर्ज दिलेच नव्हते! परंतु आरिमाला हे पटले आहे का? त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत नाही. भीती आत राहिलीच आहे, असे दिग्दर्शक सुचवून ठेवतो. तेथून कथा खोल उतरणार असे वाटत राहते.

मांडणीविषयीही येथे सांगितले पाहिजे. अन्नो यांनी चित्रकथेचे पान जवळजवळ तसेच पडद्यावर आणले. पात्राच्या मनातले विचार अक्षरांच्या रूपाने पडद्यावर उमटतात. रंग मध्येच नाहीसे होऊन नुसती रेघ उरते. कोणी गप्प झाले की सिग्नलचा दिवा, विजेच्या तारा, रिकामा जिना दिसतो. प्रत्येक भागाच्या अखेरीस श्रेयनामावली चालू असताना खऱ्याखुऱ्या शाळेच्या इमारतीचे चित्रण दाखवले आहे. चित्रातल्या मुलांची कथा संपते आणि खरी, मुले नसलेली शाळा दिसते. का कोण जाणे, ते पाहताना पोटात कालवल्यासारखे होते.

मग बिघडले कोठे? चौदाव्या भागापासून मागील कथेची उजळणी सुरू होते. जुनीच दृश्ये जोडून वेळ भरून काढलेला स्पष्ट दिसतो. पुढेही भागाच्या आरंभी ‘मागील भागात काय घडले’ हे इतके लांबते की नवी कथा सुरू होईपर्यंत कंटाळा यावा. एकोणिसाव्या भागात तर पात्रे कागदावर काढून, कापून, काडीला लावून नाचवली आहेत. शेवटच्या टप्प्यात दिग्दर्शनाची सूत्रेही मुख्यतः दुसऱ्याच्या हाती गेलेली दिसतात.

चित्रमालिका करणे हे फार कष्टाचे काम आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. चित्रपटाची फीत सेकंदाला चोवीस चौकटी धावते. जपानी दूरचित्रवाणी मालिकांत खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र बहुधा तीन चौकटी धरून ठेवतात. तरी सेकंदाला आठ चित्रे होतात. दर आठवड्याला एक भाग, असे सहा महिने. मनुष्यबळ, पैसा आणि वेळ यांपैकी एक जरी कमी पडला तरी पडद्यावर लगेच दिसते. याच संस्थेच्या ‘इव्हँजेलियन’च्या अखेरच्या दोन भागांवरूनही पुष्कळ वादंग झाले होते.

या मालिकेला नावे ठेवणारे बहुतेक लोक त्या कागदी बाहुल्यांवर घसरतात. माझे मत वेगळे आहे. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि सूत्रधाराने कथा गायची. चित्र हलत नाही, डोळा मिटत नाही, तरी प्रेक्षक जागचा उठत नाही. कळसूत्री बाहुल्याही त्यांच्याच. तेव्हा चित्र न हलल्याने कथा मरते, हे काही खरे नव्हे. शिवाय या मालिकेचे पहिले भागही स्थिर चित्रांनीच भरलेले आहेत आणि तेथे ती स्थिरता बोलकी आहे. गरिबीला दोष देण्याची आपल्याला सवय झाली आहे, म्हणून खरा दोष नजरेआड होतो.

खरा दोष असा की उत्तरार्धात मालिका आरिमाकडे पाहणेच टाळते. युकिनोला मैत्रिणी मिळतात. सोंग उघडे पडल्यावर माहो इझावाच्या पुढाकाराने वर्ग तिला वाळीत टाकतो, तो भाग उत्तम आहे. फसवले गेल्याचा राग वर्गालाही असू शकतो, हे त्यात फार प्रामाणिकपणे दाखवले आहे. पण नंतर एकेका मैत्रिणीची कथा येऊ लागते. त्सुबासाचे वडील दुसरे लग्न करतात आणि तिला सावत्र भाऊ मिळतो. तिच्या रुसव्यावर बराच वेळ जातो. मग शाळेचा सांस्कृतिक महोत्सव जवळ येतो. आया सावादा नावाची मैत्रीण नाटक लिहिते, युकिनो त्यात काम करणार असते, आणि तालमीच तालमी चालतात. जपानमधील शाळांत या महोत्सवाचे महत्त्व आपल्या स्नेहसंमेलनासारखेच असते, त्यामुळे त्यातील धांदल ओळखीची वाटते. दरम्यान आरिमा बाजूला उभा आहे. युकिनोचे जग मोठे होत आहे, तिला त्याची गरज पूर्वीसारखी उरलेली नाही, आणि त्याच्या आत काहीतरी काळे जागे होत आहे, असे दोन-चार ठिकाणी दिसते. दिसते आणि विझते. सव्विसावा भाग संपतो तेव्हा ते नाटक रंगमंचावर आलेलेच नसते! दीड महिना गॅदरिंगची तालीम चालावी, आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवावे आणि पडदाच उघडू नये, तसे झाले.

यावर माझ्या एका मित्राने बचाव केला. मूळ चित्रकथाच तेव्हा चालू होती, तर मालिकेने शेवट आणावा कोठून? मुद्दा बिनतोड वाटतो. त्सुदाबाईंची चित्रकथा खरोखरच पुढे २००५ पर्यंत चालली आणि २१ खंडांची झाली. इंग्रजी भाषांतरातून मी ती वाचलीही. त्यात आरिमाच्या अंतरीचा अंधार पुरता बाहेर येतो. टाकून गेलेली आई परतते. जन्मदाता बाप, जो पियानोवादक झालेला असतो, त्याच्याशी गाठ पडते. युकिनोला तो खरोखर कोण आहे हे कळते आणि तरी ती राहते. मला जे हवे होते ते तेथे आहे. परंतु म्हणून मालिकेचा दोष माफ होतो का? मला तिच्याकडून शेवट नको होता. दोघांचे लग्न लागले पाहिजे, असा माझा हट्ट मुळीच नाही. पुष्कळ चांगल्या कादंबऱ्या काहीच न संपवता संपतात. पण विचारलेला प्रश्न शेवटच्या पानावर निदान जागा तरी असावा लागतो. या मालिकेने विचारले होते, उपकाराखाली वाढलेल्या मुलाने खरे कसे वागावे? आणि हा प्रश्न अवघड होऊ लागताच तिने विषय बदलला. घरात कोणी नको ते विचारले की आपण ‘चहा टाकू का’ म्हणून उठतो, तसा. कदाचित म्हणूनच मला तिचा इतका राग आला असावा. विषय बदलण्यात मी स्वतः वाकबगार आहे.

एक त्रुटी मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. ती मामींनी दाखवली. मामी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्या पडवीत तूर निवडत बसल्या होत्या आणि “रातच्याला मोबाईलमधी काय बघत असतोस रं एवढं?” असे त्यांनी सहज विचारले. अभ्यासाचे काहीतरी सांगून मला वेळ मारून नेता आली असती. पण मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. लाथेच्या प्रसंगाला त्या तोंडाला पदर लावून हसल्या. आरिमाला काका-काकूंनी वाढवले, हे सांगताना माझा आवाज थोडा बदलला असावा. त्यांनी मान वर केली नाही, सूप पाखडणे मात्र थांबले.

मी मालिकेच्या शेवटापर्यंत आलो, नाटक झालेच नाही हेही सांगितले. मला वाटले, त्या पोरीचे नि पोराचे जमले का, असे विचारतील. त्या म्हणाल्या, “आन् काकू? तिला कधी कळलं का, पोरगं आतून भ्यायलंय म्हून?”

मी आठवून पाहिले. मालिकेत काकू येते, हसते, जेवायला वाढते. तिच्या मनात काय आहे ते कोठेही उमटलेले नाही, ना चित्रात, ना पडद्यावरच्या अक्षरांत.

“तिथवर मालिका गेलीच नाही, मामी,” मी म्हणालो.

“मग कसली गोष्ट ती,” असे म्हणून त्यांनी सूप पुन्हा हातात घेतले. थोड्या वेळाने उठताना विचारले, “दूध तापवू का चहा टाकू?”

मी चहा सांगितला.